नुसतं साल

त्या दिवशी नाहूरला सकाळपासून वारा पडला होता. फेब्रुवारीचं ऊन पडलेलं, पण पिवळट, आणि धूळ खाली बसायचं नावच घेत नव्हती. गॅलरीत वाळत घातलेलं लुगडंसुद्धा हलत नव्हतं.

दुपारी सीताराम मोबाइल घेऊन समोरच्या बिऱ्हाडात गेला. त्याला अक्षर येत नव्हतं. त्याच्या बायकोच्या, चंपाच्या डायलिसिसचा निरोप आला की समोरची संघमित्रा वाचून दाखवायची. आठवड्यातून तीन दिवस, चार वाजता डायलिसिस सेंटरवर खुर्ची. मागे एक दिवस चुकला तर चंपाच्या छातीत पाणी भरलं आणि तिला झोळीत घालून जिना उतरवावा लागला. आज निरोपच आला नव्हता.

त्या सेंटरचा वेळा लावणारा कॉम्प्युटर-प्रोग्राम संघमित्राच्याच कंपनीकडे होता, आणि ती घरूनच काम करायची.

"बसा काका. तुमच्या मेसेजचीच वाट लागलीय."

"काय झालं गं?"

"प्रोग्राम ज्या भाषेत लिहिलाय ना, तिची नवी आवृत्ती घातली काल. जुनी समजूतदार होती. जन्मतारखेत नुसतं साल असलं तर एक जून धरून पुढे जायची."

"आमच्या गावच्या गुरुजींसारखी," सीताराम म्हणाला. परभणीकडे त्याच्या गावात शाळेच्या पटावर निम्मी पोरं एक जूनचीच होती.

"तशीच. नवी ऐकत नाही. पूर्ण तारीख द्या, नाहीतर माणूस यादीतून बाहेर. अकरा पेशंट उडालेत. काकू त्यातल्याच."

सीताराम उंबऱ्यापाशी टेकला. घाई करून काही होत नसतं, हे त्याला ठाऊक होतं. संघमित्रा टकटक करत राहिली. नुसतं साल दिसलं तर एक जून धर, असं तिनं आता प्रोग्रामला उघड लिहून दिलं. एकेक नाव परत येऊ लागलं. दहा आली.

मग तिचे हात थांबले.

"काका... काकूंना चौदा एप्रिल कुणी लावलं?"

"मी काय सांगू पोरी."

तिनं ते खोडलं, एक जून टाकलं. तारीख पुन्हा चौदा एप्रिल झाली. तिनं परत खोडलं. परत तेच. खोलीत कडुनिंबाच्या पाल्याचा वास यायला लागला. ताजा, नुकता ओरबाडल्यासारखा. त्या गल्लीत कडुनिंब नव्हता.

दोन्ही दारं समोरासमोर उघडी होती. खाटेवरून चंपाचा आवाज आला.

"कुणाची तारीख वाचली?"

"तुझीच," सीताराम म्हणाला.

पलीकडे खाट करकरली. मग ती सावकाश म्हणाली, "माझी नाही. ताईची."

एवढ्या वर्षांच्या संसारात सीतारामला हे अर्धंच माहीत होतं. चंपा हे नाव मुळात थोरलीचं. ती सहाव्या वर्षी पटावर चढली आणि त्याच साली गोवरात गेली, उशाशी कडुनिंबाचा पाला तसाच. पुढं धाकटीला शाळेत घालायची वेळ आली तेव्हा गुरुजींनी तेच नाव, तेच साल पुढं चालवलं. कागद तयारच होता. धाकटी त्या कागदावर म्हातारी झाली.

"ताई जयंतीच्या दिवशी जन्मलेली. आईनं मला एकटीलाच सांगितलेलं," चंपा म्हणाली. "अहो... ती तारीख नका लावू."

संघमित्रानं घाम पुसला. "काका, मी वरच्यांना कळवते. पण मग उद्यावर जाईल. आजची खुर्ची पाच मिनिटांत दुसऱ्या पेशंटला देतील. काय करू? हीच तारीख लावू?"

सीतारामनं समोर पाहिलं. खाटेखाली चंपाचे पाय दिसत होते. सुजून गोल झालेले, थंड लादीवर टेकवलेले.

"लाव," तो म्हणाला. "खुर्ची मिळू दे."

संघमित्रानं बटण दाबलं. त्याच्या हातातला मोबाइल लगेच वाजला. "चंपाबाई, आज चार वाजता, खुर्ची सात," तिनं वाचून दाखवलं.

घरी येऊन त्यानं चंपाच्या पायात चपला सरकवल्या. ती त्याच्याकडे बघेना. तिची फाइल त्यानं पिशवीत घातली, पाण्याची बाटली घेतली. तिला दम लागायला लागला होता. कडुनिंबाचा वास मात्र एकदम गेला, कुणी दार उघडून निघून जावं तसा.

तिला उठवायला त्यानं हात पुढे केला, तेवढ्यात संघमित्रा दारात येऊन उभी राहिली. फोन छातीशी दाबून धरलेला. तिनं खाटेवरच्या चंपाकडे पाहिलं, मग चपलांकडे, मग सीतारामकडे.

"काका, सेंटरवरून सिस्टर आहे फोनवर... म्हणतेय, काकू कधीच्या येऊन सात नंबरवर बसल्यात, आता दुसरी खुर्ची नाही. आणि विचारतेय... यांचे पाय जमिनीला का पोचत नाहीत?"