दोन बंद पाकिटं

दुसऱ्या मजल्यावरच्या प्रिंटरला तिने चाळीस पानं पाठवली होती. ती तिथे पोचली तेव्हा ट्रेमध्ये अडतीसच होती.

उरलेली दोन खिडकीपाशी उभ्या असलेल्या एका उंच माणसाच्या हातात होती. तो ती वाचत होता. नुसता वाचत असता तरी एक वेळ चाललं असतं... तो पेन्सिलीने समासात काहीतरी लिहीत होता!

"अहो, ती माझी पानं आहेत."

"वाटलंच मला. माझ्या लेखात इतके आलेख नसतात." त्याने मान वर केली. चष्म्याच्या एका काचेवर खडूची धूळ बसली होती. "हा तिसरा बिंदू जरा वर आहे, नाही?"

"वर आहे म्हणून वर आहे. मी मोजलाय तो."

"तेच म्हणतो मी. का वर आहे?"

तिने पानं ओढून घेतली. ती अजून कोमट होती. आपल्या खोलीत येऊन तिने पाहिलं, तर आलेखाखाली बारीक, नीटनेटक्या अक्षरात एक तळटीप होती: 'इथे काय दिसावं अशी तुमची इच्छा होती?'

काय आगाऊ माणूस आहे! तिने ते वाक्य खोडायला खोडरबर उचललं, आणि का कोण जाणे, पुन्हा खाली ठेवलं.

विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात सगळे त्याला 'तळटीप' म्हणायचे. कुठलंही साधं वाक्य त्याला खाली एखादी पुस्ती जोडल्याशिवाय पूर्ण झालंय असं वाटतच नसे. ती दोन वर्षांच्या करारावर आली होती आणि मूलकणांचे माग टिपणाऱ्या यंत्रावर काम करत होती. ते कण तसे का वागतात याची गणितं तो फळ्यावर मांडायचा. विभागप्रमुख बाईंनी तिच्या कामाची तपासणी नेमकी त्याच्याकडेच सोपवली. आगीतून फुफाट्यात, दुसरं काय!

तीन महिन्यांत त्याने एकशे सदुसष्ट प्रश्न विचारले. तिने मोजले होते. शंभराव्या प्रश्नाला ती त्याच्यावर चक्क ओरडली. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, मशीनमधून दोन कॉफ्या आणल्या आणि बिनसाखरेची तिच्यापुढे सरकवली.

"मी बिनसाखरेची घेते, हे कुणी सांगितलं?"

"निरीक्षण. सलग अकरा वेळा."

"लोकांच्या कपात डोकावणं बरं नसतं."

"लोकांच्या नाही डोकावत," तो म्हणाला, आणि लगेच फळ्याकडे वळून काहीतरी पुसू लागला. फळा कोराच होता.

त्यांच्या कामात एक रीत होती. मोजणीची पद्धत पक्की होईपर्यंत अंतिम उत्तर झाकून ठेवायचं, कुणी पाहायचं नाही. कारण माणूस लबाड असतो. हवं ते उत्तर दिसलं की त्याचा हात तिथेच थांबतो. तिचं उत्तरही महिनाभर असंच झाकलेलं होतं. शेवटी ते उघडलं तेव्हा दोघं एकाच पडद्याकडे वाकून बघत होते. तिसरा बिंदू वर होता तो वरच राहिला. त्याने तिच्याकडे पाहिलं... एखाद्या बिंदूकडे पाहावं त्यापेक्षा जरा जास्तच वेळ.

पण बोलला काय? "छान. एक शंका आहे."

एकशे अडुसष्ट.

मग विभागाच्या नव्या वेबसाइटचं काम तिच्या गळ्यात पडलं. प्रत्येकाकडून शिक्षण, कारकीर्द आणि संशोधनातील रस अशा दहा ओळी मागवायच्या होत्या. सगळ्यांनी दिल्या. त्याची कारकीर्द नऊ तळटीपांसह आली, पण 'संशोधनातील रस' पुढची जागा रिकामी.

"इथे काय घालू?"

"थांबा जरा. रस बदललाय. अजून नीट मोजला नाही."

"किती दिवस थांबू?"

"तुम्ही घाई केलीत तर आकडा चुकेल."

तिला त्याच्या डोक्यावर डस्टर आपटावंसं वाटलं. आणि त्याच वेळी त्याच्या चष्म्यावरची ती धूळही पुसावीशी वाटली. हे दुसरं जास्त संतापजनक होतं.

अशात एक पत्र आलं. दुसऱ्या विद्यापीठात कायमची जागा, स्वतःची प्रयोगशाळा. गाव रेल्वेने सात तासांवर. होकार की नकार, शुक्रवारी पाच वाजेपर्यंत कळवायचं होतं.

तिने त्याला कॉफी पिताना सांगितलं. त्याचा कप ओठांपाशी अडला.

"अभिनंदन," तो म्हणाला.

बस्स. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्याला काही शंका आली नाही!

"मग विचार ना तूच," फोनवर ताई म्हणाली. ताई दातांची डॉक्टर. "दुखरा दात कुरवाळून कधी बरा झालाय का गं?"

"मीच का विचारायचं? जगातले सगळे प्रश्न विचारतो तो. हा एकच घशात अडकतो त्याच्या!"

"मग दोघं बसा मुखस्तंभासारखे," म्हणून ताईने फोन ठेवला.

शुक्रवारी तीन वाजता ती त्याच्या खोलीत शिरली. दार वाजवलं नाही.

"मला एकच सांगा. मी जाऊ की राहू?"

त्याने खण उघडून दोन बंद पाकिटं टेबलावर ठेवली. एकावर लिहिलं होतं 'गेलीस तर', दुसऱ्यावर 'राहिलीस तर'.

"गेलीस?" ती म्हणाली. "आपण कधीपासून अगं-तुगंवर आलो?"

त्याचे कान लाल झाले. "लिहिताना... आलो. पण आत्ता उघडायची नाहीत. आधी तू उत्तर पाठव. मी आधी बोललो तर तुझा निर्णय माझ्याकडे कलेल. मग दहा वर्षांनी आपल्याला कळणारच नाही की तू कशासाठी—"

"आपल्याला?"

"ती... तळटीप होती."

"अरे, मी काय कण आहे?" तिचा आवाज चढला. "कणाला विचारता येत नाही म्हणून एवढी झाकपाक करतो आपण. मला तोंड आहे! विचार की!"

त्याने पाकिटं तिच्याकडे सरकवली. तिने दोन्ही पाकिटं उचलली आणि पाय आपटत निघून गेली.

खोलीत येऊन ती पाकिटं फोडणारच होती. तेवढ्यात भिंतीवर टाचणीने लावलेलं ते जुनं पान दिसलं. 'इथे काय दिसावं अशी तुमची इच्छा होती?'

ती खुर्चीत बसली. आपलं यंत्र, आपली खोली, दारावर आपली पाटी... डोळ्यांपुढे सगळं लख्ख दिसलं. आणि त्या दारात पेन्सिल घेऊन उभा असलेला एक उंच माणूसही दिसला. पण पाटी आधी दिसली होती. स्वतःशी खोटं कशाला बोलायचं?

चार चाळीसला तिने होकार पाठवला. मग 'गेलीस तर' लिहिलेलं पाकीट फोडलं.

'मला तुझ्याबरोबर राहायला आवडेल. कुठे, ते तळटीपेत.' खाली: 'सात तासांची गाडी आहे, खिडकीची जागा मिळते. तिथे वर्षभर पाहुणा संशोधक म्हणून यायचा अर्ज भरून ठेवला आहे. पाठवलेला नाही. तू हो म्हणालीस तरच.'

तिने दुसरंही फोडलं.

'मला तुझ्याबरोबर राहायला आवडेल. कुठे, ते तळटीपेत.' खाली: 'इथेच. गाडीची गरज नाही.'

दारात कुणीतरी घसा साफ केला.

"होकार पाठवलाय मी. आणि दोन्हींत एकच उत्तर आहे!" ती ओरडली. "मग दोन पाकिटं कशाला?"

"एकच ठेवलं असतं तर तुला आधीच कळलं असतं."

"कळायलाच हवं होतं, मूर्खा! चार दिवस जेवण गेलं नाही मला!"

"मलाही," तो हळूच म्हणाला. "पण... तू तुझ्यासाठी जातेयस ना?"

"हो," ती म्हणाली. राग कुठे निसटला तेच तिला कळेना. "माझ्यासाठी. आणि तुझ्या अर्जालाही हो. पाठव तो. माझ्यासाठी."

तिने त्याचा चष्मा काढला, ओढणीच्या टोकाने काच पुसली आणि परत नाकावर चढवला. तो जागचा हलला नाही. श्वाससुद्धा जरा जपूनच घेत होता.

"एक शंका आहे," तो म्हणाला.

तिने डोळे मिटून कपाळाला हात लावला. "बोल."

"तो 'हो' मी एकदाच ऐकला. एकदाच घेतलेल्या नोंदीवर विश्वास ठेवू नये म्हणतात."

"मग जवळ ये," ती म्हणाली, "आणि किती वेळा ऐकायचाय ते आधी ठरव. नंतर आकडा बदलायचा नाही."