कोणासाठी मागू?

बायको गेल्यानंतर आठव्या दिवशी घड्याळजी दवाखान्याची खाट परत करायला गेले. लोखंडी खाट, पायाशी दांडा फिरवला की डोक्याकडून वर उचलली जाणारी. पाच महिने ती आतल्या खोलीत होती. हातगाडीवर आडवी बांधून, वर चादर टाकून नेताना रस्त्यातली दोन माणसं थबकली आणि त्यांनी माना खाली घातल्या. चादर वाऱ्याने उडाली, खाली नुसती खाट दिसली, तशी दोघं ओशाळून पुढे गेली.

घरी समाचाराला आलेली मंडळी बसली होती. "सुटली बिचारी," कुणी म्हणालं. "चांगल्या माणसांचीच देवाला घाई," आणखी कुणी. एक लांबचे मामा दुःखाच्या भरात आपल्या मूळव्याधीवर घसरले होते. घड्याळजी सगळ्यांना मान डोलावत राहिले. चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून बसलेला माणूस, बोलणं मुळात कमी. कान मात्र तिखट. दुकानात वीस घड्याळं एकदम टिकटिकत असली तरी त्यातलं कुठलं लंगडतंय, हे ते मान वर न करता सांगत.

एकुलती एक लेक आईच्या शेवटाला येऊ शकली नव्हती. तिला सातवा महिना लागलेला, आणि डॉक्टरांनी अंथरुणावरून उठायचीही मनाई केलेली. ती दूरच्या शहरातून फोनवर रडायची आणि इकडून अक्का तिची समजूत घालायची.

अक्का ही घड्याळजींची थोरली बहीण. भावजय आजारी पडली तेव्हा दोन आठवड्यांसाठी म्हणून आली आणि राहूनच गेली. अंग पुसणं, औषधं, पेज भरवणं, सगळं तिने केलं. आणि रोज दिवेलागणीला ती खाटेशी बसून प्रार्थना म्हणायची. ही प्रार्थना त्यांच्या आईची, दोघांनी मिळून म्हणायची. एकाने अर्धी ओळ म्हणायची, दुसऱ्याने पुरी करायची.

"दुखणं तुला ठाऊक आहे," अक्का म्हणायची.

"उतार तुझ्या हाती आहे," खाटेवरून उत्तर यायचं.

"कोणासाठी मागू?"

इथे दुसऱ्याने एक नाव घ्यायचं. आजारी बाई कधी शेजारणीच्या गुडघ्यांसाठी मागायची, कधी लेकीसाठी, कधी नवऱ्याच्या पाठीसाठी. स्वतःचं नाव तिने एकदाही घेतलं नाही. घड्याळजी बाहेरच्या खोलीत बसून ऐकायचे. आत कधी गेले नाहीत. त्यांचा या गोष्टींवर विश्वास नव्हता.

खाट परत केली त्या संध्याकाळीही अक्का आतल्या खोलीत जाऊन बसली. फरशीवर खाटेच्या चार पायांचे गंजके डाग उरले होते, औषधाचा कडवट वास अजून भिंतींत होता.

"आता कशाला?" घड्याळजी दारातून म्हणाले. "पाच महिने मागितलंस. काय मिळालं?"

अक्काने वर पाहिलं. "मागितलं की मिळतंच, असं कोण म्हणालं रे? मागताना ती एकटी नव्हती. एवढंच."

घड्याळजी बाहेर जाऊन बसले. अक्का अर्धी ओळ म्हणायची, दुसऱ्या अर्ध्यासाठी थांबायची, आणि मग पुढची. सवयच झाली होती. ते थांबणं त्यांना ऐकवत नसे. रोज त्या वेळी ते एखादं घड्याळ उघडून बसायचे.

महिना होत आला असेल. पाऊस नाही, वारा नाही, दिवे नुकतेच लागलेले. आत अक्का म्हणाली, "दुखणं तुला ठाऊक आहे..."

"उतार तुझ्या हाती आहे."

घड्याळजींच्या हातातला चिमटा तसाच राहिला. आवाज बारीक होता, कोरड्या पडलेल्या घशाचा. कुठून आला हे त्यांच्या कानाला कुणी सांगायला नको होतं. त्या चार डागांच्या मधून, खाटेवरच्या उशीइतक्या उंचीवरून.

 मग अक्काचा आवाज आला, अगदी हळू. "कोणासाठी... मागू?"

"वन्संसाठी."

अक्काला वन्सं म्हणणारं जगात एकच माणूस होतं.

ती बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "ऐकलंस?"

"नाही," घड्याळजी म्हणाले. चिमटा खाली ठेवताना तो तबकडीवर वाजला.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच, आणि आवाजात आता घाई होती. अक्का ठणठणीत होती, दोन बादल्या हातात घेऊन जिना चढत होती. "मला काय धाड भरलीय?" ती म्हणाली. पण बोलताना तिने नजर चुकवली. चौथ्या दिवशी सकाळी घड्याळजींनी दुकान उघडलंच नाही. तिच्या चपला दारात सरळ करून ठेवल्या आणि म्हणाले, "चल."

डॉक्टरांनी तपासलं, पुन्हा तपासलं, फोटो काढला. पोटात गाठ होती. "आणखी दोन-तीन महिने गेले असते तर हाताबाहेर गेलं असतं," ते म्हणाले. "काही त्रास नव्हता, मग आलात कसे?"

घड्याळजींनी शस्त्रक्रियेची तारीख विचारली.

शस्त्रक्रियेच्या दिवशी घड्याळजी बाहेरच्या बाकावर तीन तास बसले. जन्मात पहिल्यांदा त्यांनी आईची ती ओळ म्हटली, ओठातल्या ओठात. उत्तर आलं नाही. मग उत्तराची ओळही त्यांनीच म्हटली, नावही त्यांनीच घेतलं. त्यांना रडू आलं आणि आल्याचं वाईट वाटलं नाही.

अक्का बरी झाली. घरी आली, महिनाभरात हिंडूफिरू लागली. आता दिवेलागणीला घड्याळजीही आत बसू लागले. खोलीत कुणी नसायचं आणि कुणीतरी असायचं. काही दिवस भीती वाटली, मग तिचीही सवय झाली. आवाज आता नाव घेत नसे. नुसती ओळ पुरी करून थांबायचा. घरात दुखणं नाही म्हणून असेल, असं अक्का म्हणाली.

मग एका संध्याकाळी त्याने पुन्हा नाव घेतलं.

"ठिपकीसाठी."

"कोण ठिपकी?" घड्याळजींच्या तोंडून निघून गेलं. उत्तर नाही.

दोघांनी सगळं गणगोत आठवून पाहिलं. शेजारपाजार धुंडाळला. अक्काने तर गल्लीतल्या मांजरींचीही चौकशी केली. ठिपकी कुणीच नव्हती. रोज मात्र तेच नाव येत होतं, आणि रोज आवाज जास्त काकुळतीला आलेला.

पाचव्या दिवशी लेक बाळंत झाल्याचा फोन आला. मुलगी झाली, दोघी सुखरूप. अक्काने आनंदाने साऱ्या गल्लीला सांगितलं. त्या संध्याकाळी मात्र आवाज आलाच नाही. पुढे आठ दिवस आला नाही. अक्का प्रार्थना म्हणायची, थांबायची आणि उठायची.

नवव्या दिवशी लेकीने स्वतः फोन केला. घरी आली होती, जावई औषधं आणायला गेले होते. घड्याळजींनी बाहेरच्या खोलीत फोन घेतला.

"बाळ कसं आहे?"

"मस्त आहे, बाबा. दूध पिऊन झोपलीय पाळण्यात."

"नाव काय ठेवणार?"

"ठरायचंय अजून." लेक हसली. "मी मात्र पहिल्यापासून ठिपकीच म्हणते. पहिल्या तपासणीत पडद्यावर एवढीशी ठिपक्यासारखी दिसली होती ना. कुणाला सांगितलं नाही हं अजून, आईलासुद्धा नव्हतं."



"तिला डॉक्टरकडे ने."

"अहो, कालच तर दाखवलं..."

"पुन्हा ने. आत्ता ने. मी सांगतो म्हणून ने!"

"बाबा, काय झालं? असं का बोलताय?"

आतल्या खोलीत अक्का बसली होती. तिच्या कानावर यातलं काही गेलं नव्हतं. तिने रोजच्यासारखी सुरुवात केली. "दुखणं तुला ठाऊक आहे..."

उत्तर आलं. पण आतल्या खोलीतून नाही. घड्याळजींनी फोन कानापासून दूर धरला, तर घर शांत होतं. परत कानाला लावला. तोच कोरडा, बारीक आवाज फोनमधून येत होता. लेकीच्या आवाजाच्या मागून, कुणी पाळण्यावर वाकून बोलावं तसा.

 लेक कुजबुजली, "बाबा... हे तुमच्याकडूनच ऐकू येतंय ना?"