शेवटच्या रक्तापाशी

शिकारीच्या तळावर जेवणं आटोपली होती. मक्याच्या सांज्याचं करपलेलं पातेलं कोणी घासायचं, यावरून माग काढायला शिकणाऱ्या नव्या पोरांची कुरबुर चालली होती. तेवढ्यात त्यांच्यातल्या काकुवेनं म्हाताऱ्या फानुएलला विचारलं, "आजोबा, वेझेपादादा एवढा नावाजलेला वाटाड्या. मग दिवस कलला की गाडीत जाऊन का बसतो हो?"

"घाबरतो," पेटुरस म्हणाला आणि हसला.

"घाबरतोच," फानुएल म्हणाला. "तूही घाबरशील. पातेलं राहू दे, बस खाली. रात्रीचं मला त्यानंच सांगितलं. सकाळचं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं."

पोरं शेकोटीजवळ सरकली.

मागच्या जूनमधला शेवटचा शनिवार. इथला ऐन हिवाळा, अमावस्येची रात्र. वेझेपाकडे डेन्मार्कचा एक म्हातारा डॉक्टर पाहुणा होता. दोघं कित्येक दिवस एका कुडू हरणाच्या मागावर होते. पीळदार शिंगांचा, दात झिजलेला, कळपानं बाहेर काढलेला थोराड नर. नामिबियाच्या या भागात कुंपण नाही, त्यामुळे तो दिसायचा तेव्हाच दिसायचा. त्याची शिंगं पाहुण्याला मिळणार होती, मांस गावाला.

संध्याकाळी एकदाचा दिसला. डॉक्टरनं चाप ओढला आणि नेमकं त्याच क्षणी जनावरानं पाऊल पुढे टाकलं. गोळी छातीऐवजी मागे, पोटात लागली. रक्ताचे थेंब सांडत कुडू झुडपांत शिरला.

"माझी चूक," डॉक्टर पुन्हा पुन्हा म्हणत होता. "मी येतो बरोबर."

"तुमचे गुडघे सांभाळू की अंधार?" वेझेपा म्हणाला. "चला, चहा घ्या. उजाडलं की शोधू."

तळावर आल्यावर त्याच्या लक्षात आलं, शेवटच्या रक्तापाशी गवताची गाठ मारायची राहिली. रात्री वारा सुटतो, माती सरकते. गाठ नसली तर सकाळी माग कुठून उचलायचा? आणि जखमी जनावर सोडायचं नाही, हा इथला पहिला नियम. तो बंदूक आणि विजेरी घेऊन निघाला.

"कोणाला तरी ने बरोबर," फानुएलनं हटकलं.

"एक गाठ मारायला दोन माणसं लागतात का, काका?"

तो पोचला, तेव्हा गाठ मारलेली होती.

पिवळ्या गवताची दोन पाती, डावीकडे वळवलेली. डावखुरी गाठ. तळावर डावखुरा एकच माणूस होऊन गेला होता. कावारीमामा. वेझेपाचा सख्खा मामा. त्यानंच वेझेपाला माग वाचायला शिकवला. दोन हिवाळ्यांपूर्वी मामा एका जखमी झेब्र्यामागे एकटा गेला आणि परत आलाच नाही. खडकाळ माळावर त्याचे ठसे संपले. गावानं खूप शोधलं. शेवटी "आता पुरे" असं कोणीतरी म्हणालं.

ते वेझेपानंच म्हटलं होतं.

त्यानं विजेरी पुढे फिरवली. पलीकडे आणखी एक गाठ. शेजारी रक्ताचा थेंब.

मागे फिरायला हवं होतं. पण दूर तरस ओरडलं, मग दुसरं. तरसं जनावर मरायची वाट पाहत नाहीत. जिवंतपणीच खायला लागतात. त्या कुडूवर गोळी झाडायला वेझेपानंच होकार दिला होता.

तो पुढे गेला. गाठ. थेंब. गाठ.

पुढे वाळलं पान चुरगळलं.

तो थांबला. आवाज थांबला. तो चालला... पुन्हा पान चुरगळलं. माग काढणारा पुढे, बंदूकवाला मागे. नेहमीच्या अंतरावर. मामा असाच चालायचा.

मागावर बोलायचं नसतं. वेझेपा बोलला नाही. पुढचाही बोलला नाही.

मोपानेच्या झाडाखाली कुडू आडवा पडला होता. कुशी हलत होती. डोळा उघडा. वेझेपानं एकच गोळी घातली. कुशी थांबली. त्यानं मानेवर हात ठेवला, बराच वेळ. संपलं होतं.

मग विजेरी सहज वर गेली.

कुडूच्या पलीकडे गवताला गाठ होती. शेजारी रक्त. ओलं.

कुडू तर इथे पडलाय.

मग हे...

खडकांकडून शीळ आली. हलकी, दोन सुरांची. माग काढणारे ती जनावर सापडल्यावरच घालतात. सापडलं, ये.

"मामा..." वेझेपाच्या तोंडून निघालं.

शीळ पुन्हा आली. ये.

तो उभा राहिला. एक पाऊल टाकलं. मग वळला. पळाला नाही. नजर पायांपुढच्या उजेडावर ठेवून चालत राहिला. शीळ मागून येत राहिली. जवळ येत नव्हती. लांब जात नव्हती. शेकोटी दिसली तेव्हा थांबली.

"कुडू सापडला. सकाळी आणू," एवढंच तो फानुएलला म्हणाला. त्या रात्री झोपला नाही. तरसं तर पहाटेपर्यंत ओरडत होती.

"मग काय राहिलं असेल?" पेटुरसनं हळूच विचारलं. आता तो हसत नव्हता.

"आम्हालाही तेच वाटलं. चार हाडं मिळतील म्हणून पोती घेऊन गेलो."

कुडू अख्खा होता. एक लचकाही तोडलेला नव्हता. भोवती तरसांचे ठसे, गोल रिंगणात, एकावर एक. रिंगणाच्या आत एकही नाही. वेझेपा आधी पलीकडे धावला. गाठ नव्हती. रक्त नव्हतं. गवत सरळ उभं होतं.

तेवढ्यात फानुएलनं त्याला हाक मारली.

कुडूच्या पाठीशी मातीत बैठकीचा ठसा होता. पाठ टेकून, पाय लांब करून कोणीतरी रात्रभर बसलेलं. पुढे दोन टाचांचे खळगे. मुंगी कुठून कुठे गेली ते वाचणारी माणसं ती. त्यांनी सगळी जमीन पाहिली, ओणवं होऊन पाहिली. त्या जागेकडे येणारं पाऊल नव्हतं. तिथून जाणारंही नव्हतं.

वेझेपा गुडघ्यांवर बसला. त्यानं ठशावर तळवा ठेवला आणि चटकन उचलला.

फानुएलनं शेकोटीतलं लाकूड आत सारलं.

"थंडीनं आमची बोटं वळत नव्हती," तो म्हणाला. "कुडू दगडासारखा गार पडला होता. मग मीही हात ठेवून पाहिला... तेवढी माती गरम होती."