कोरी बाटली

सात झऱ्यांचं पाणी बाटल्यांत भरायचं आणि संध्याकाळी सहाच्या आत प्रयोगशाळेत आणून ठेवायचं, एवढ्यासाठी ही मोहीम निघाली होती. झरे होते बंद पडलेल्या खाणीच्या वर, डोंगराच्या उभ्या अंगावर. पुढच्या आठवड्यात ती वाट बंद होणार होती आणि शिकाऊ संशोधक म्हणून धाकटीला मिळालेली मुदतही संपणार होती. तीन महिने खपून लिहिलेल्या तिच्या अहवालात निकालाचं पान तेवढं मोकळं होतं. आज पाणी आलं तर अहवाल, नाहीतर नुसती रद्दी.

प्रयोगशाळेत ती सगळ्यांत लहान, म्हणून धाकटी. तिच्या जोडीला दिलेला दुसरा शिकाऊ म्हणजे नियमावली. हे नाव तिनंच ठेवलं होतं आणि तो दर तासाला ते सार्थ करत होता. पहिल्याच झऱ्यावर त्यानं तिला हातमोजे तीनदा बदलायला लावले. दुसऱ्यावर बाटलीची चिठ्ठी तिरकी लागली म्हणून वीस मिनिटं खाल्ली. तिघांचं प्यायचं पाणीही त्यानं स्वतःच्या पिशवीत कोंबलं होतं, का तर एका जागी असलं की मोजायला सोपं! जीपवाले काका खांद्यावर दोर टाकून मुकाट्यानं बघत होते. असली माणसं त्यांनी डोंगरावर बरीच नेली होती.

पण धाकटीचं डोकं खरं फिरलं ते कोऱ्या बाटलीनं. कोरी बाटली म्हणजे प्रयोगशाळेतलंच अर्धा लिटर शुद्ध पाणी. ते डोंगरावर चढवायचं, प्रत्येक झऱ्यावर नमुन्याशेजारी ठेवायचं आणि सील न फोडता परत आणून बाकीच्यांबरोबर तपासायचं. त्यात काही सापडलं तर तो दोष प्रवासाचा. ती बाटली नसेल तर सातही नमुने बाद. हे सगळं तिला तोंडपाठ होतं. तरीपण पाण्याला हवा खायला डोंगरावर न्यायचं म्हणजे अतीच झालं! आणि तेही तिच्या पाठीवरून!

सातवा झरा कड्याच्या पोटात होता. वीतभर रुंदीची कपार आणि खाली खोल घळ. काकांनी दोर बांधला. धाकटी खडकाला चिकटून सरकत गेली आणि बाटली भरून परत आली. मग नियमावली निघाला, कारण नोंद दोघांनी पडताळायची असा नियम! अर्ध्या वाटेवर त्याच्या पायाखालचा दगड सुटला. दोर ताणला गेला! काकांनी टाचा रोवल्या. धाकटीनं पालथी पडून त्याचा पट्टा धरला आणि होतं नव्हतं ते बळ लावून ओढलं. माणूस वर आला. पिशवी मात्र घळीत गेली आणि तिच्याबरोबर प्यायचं पाणीही गेलं.

उतारावर खाणीच्या काळ्या दगडांचे ढीग पसरले होते. झाडाची सावली औषधालाही नव्हती. ऊन वरून भाजत होतं, दगड खालून. तासाभरानं नियमावली भलतंच बडबडायला लागला आणि मग मटकन खाली बसला. त्याच्या कपाळाला हात लावून काकांनी तो झटकन मागे घेतला. अंग तापलेलं होतं आणि घामाचा टिपूस नव्हता. जीपमध्ये पाण्याचा कॅन होता, पण जाऊन यायला दीड तास लागणार होता. त्याला ओला ठेव, एवढं बजावून काका उतारावरून जवळजवळ धावतच सुटले.

काका निघण्याआधीच दोघांनी मिळून त्याला एका खडकाच्या आडोशाला ओढलं होतं. शेजारून ओहोळ वाहत होता, पण खाणीतून झिरपलेला, तांबडा, घोटभर पोटात गेला तर आतडी बाहेर यावीत असा. नमुन्यांच्या बाटल्यांत पाणी टिकावं म्हणून आम्ल टाकलेलं, तेही पिण्याजोगं नव्हतं. धाकटीनं ओढणी ओहोळात बुडवून त्याच्या डोक्याला गुंडाळली. पुन्हा बुडवली, पुन्हा गुंडाळली. त्याचे ओठ फुटले होते. शेवटी तिनं पाठीवरची पिशवी उघडली आणि कोरी बाटली काढली.

त्यानं एक डोळा किलकिला केला.

"ती नको," तो पुटपुटला. "सील आहे."

"गप बस आणि तोंड उघड."

सील फुटलं. तिनं घोट घोट पाणी पाजलं. प्रत्येक घोटाबरोबर आपला अहवाल त्याच्या घशाखाली उतरतोय हे तिला दिसत होतं. तिला रडू आलं आणि त्याचा तिला आणखी राग आला. काका कॅन घेऊन आले तेव्हा बाटली रिकामी होती.

दोघांनी त्याला उचलून जीपपर्यंत उतरवलं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आताच काही सांगता येणार नाही म्हटलं. काका तिथेच थांबले. धाकटी पावणेसहाला नमुने घेऊन प्रयोगशाळेत पोचली. आत कुणी नव्हतं. शुद्ध पाण्याचा नळ समोर होता आणि नव्या सिलांचं खोकं खणात. तिनं बाटली नळाखाली धरली. पाणी निम्म्यावर आलं. आता भरली की फक्त वरून सील लावायचं, आणि निकालाचं पान भरणार! तिनं बाटलीकडे पाहिलं. मग चरफडत ती मोरीत उपडी केली, नोंदवही ओढली आणि लिहिलं : कोरी बाटली सहकाऱ्याला पाजली, नमुने बाद.

विभागप्रमुख मॅडम आल्या. त्यांनी ती ओळ दोनदा वाचली. धाकटी मान ताठ ठेवून उभी राहिली.

"किती पाजलं, ते लिहिलेलं नाही," मॅडम म्हणाल्या.

धाकटीनं कपाळाला हात लावला. इथेही नियमावली! तिनं पेन उचललं आणि पाचशे मिलीलिटर असं ठळक लिहिलं. मॅडमनी खाली सही केली आणि सात बाटल्या स्वतःच उचलून टाकाऊ नमुन्यांच्या पेटीत ठेवल्या.

तेवढ्यात काकांचा फोन आला. तो शुद्धीवर आला होता, धोका टळला होता. आणि एक निरोप होता.

"विचारतोय, बाटली फोडल्याची नोंद केलीस का?"

धाकटी खुर्चीत बसली. 

"केली म्हणावं," ती म्हणाली. "आणि झोप म्हणावं, मुकाट्यानं."