तीन मंडळ्यांची पेटी

हे खरं घडलेलं आहे. ज्याला पटत नसेल त्यानं इथंच थांबावं. मला कोणाची मनधरणी करायची नाही.

माझी धाकटी बहीण मालन सेलूला दिलेली. तिच्या घरातली ही गोष्ट. विद्यापीठाचं नामांतर झालं त्या सालचा उन्हाळा.

अशा गोष्टींत लोक अमावस्या शोधतात, मध्यरात्र शोधतात. ती इथं नाही. इथं दुपारचे अडीच वाजले होते. गच्चीवर कुरडया वाळत होत्या.

मालनचा नवरा आश्रुबा पेटी वाजवायचा. पेटी एक, मंडळ्या तीन. मारुतीच्या देवळातले भजनी म्हातारे काळी एकमधून, म्हणजे पहिल्या काळ्या पट्टीवरून गायचे. बन्सीधरचा लग्नातला ऑर्केस्ट्रा काळी तीनमधून. आणि भीमनगरची चतुराबाई जयंतीची गाणी लावायची ती थेट काळी पाचमधून. प्रत्येकाच्या गळ्याची उंची वेगळी, म्हणजे पेटीवर सुरुवातीची पट्टी वेगळी आणि बोटांची चालही वेगळी. आश्रुबाच्या बोटांना तिन्ही पाठ.

दम्यानं तो गेला, तेव्हा त्याच्या पोराला, भुजंगला, फक्त काळी एक येत होती.

पुढचं शिकवायचं राहूनच गेलं.

जुन्या पेटीचा भाता फाटलेला, आतलं लाकूड वाळवीनं खाल्लेलं. ती मोडीत दिली. भुजंगनं परभणीहून कीबोर्ड आणला. मालन त्याला लाईटीची पेटी म्हणायची. त्याला एक बटन होतं. ते दाबलं की सगळ्या पेटीचा सूरच वर सरकायचा, बोटं मात्र जिथल्या तिथं. म्हणजे वाजवायचं काळी एकचंच, निघायचं काळी पाच.

एका बटनावर तिन्ही मंडळ्या सांभाळल्या पोरानं. मालनला तेवढंच हवं होतं. नवरा गेला, पण त्याची जागा दुसऱ्या कोणाच्या घरात जाऊ नये. दोन वर्षं ती या एका काळजीवर जगली. थकून गेली होती बिचारी.

पहिला फटका जयंतीला बसला.

नामांतरानंतरची पहिली जयंती. माणूस मावत नव्हतं. चतुराबाईनं अंतरा उचलला... आणि पेटीचा सूर खाली घसरला.

बटन आपोआप शून्यावर आलं होतं.

चतुराबाईचा गळा वर, पेटी खाली. लोक हसले. तिनं तिथंच माईकवर सुनावलं, "भुजंगा, झोप लागली का रे तुला? की मला झोपवायलास?"

आठ दिवसांनी बन्सीधरच्या लग्नात तेच.

पुन्हा एका लग्नात तेच.

परभणीच्या कारागिरानं कीबोर्ड उघडला, पुसला, परत बसवला. म्हणाला, "काही खराबी न्हाई. बटन कोणीतरी दाबायलंय."

"मपल्या बाजूला कोणी बसतच न्हाई," भुजंग म्हणाला.

बन्सीधर घरी आला. चहा पिऊन झाल्यावर बोलला, "काकू, आश्रुबाकाकाकडं बघून गप बसलो. पण लोक माझ्यावर हसायलेत. पुढच्या सोमवारचं लग्न शेवटचं. पुन्हा असं झालं तर मी जिंतूरचा माणूस लावतो."

"लाव की," मालन म्हणाली. "चहा पितानाच ठरवलं होतंस, की रस्त्यानं येताना?"

तोंड चालवलं तिनं. पण तो गेल्यावर पाय पसरून नुसती भिंतीला टेकून बसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती दोन घास खाऊन आडवी झाली होती. लाईट सकाळपासून गेलेली. पंखा बंद. भुजंग पलीकडच्या खोलीत खाटेवर झोपलेला.

मधल्या दाराआडून आवाज आला.

हऽऽस्... हऽऽस्...

तीस वर्षं ऐकलेला आवाज. फाटक्या भात्यातून हवा जाते तो. तिला आधी काही वाटलंच नाही. हात आपोआप डोक्यावरचा पदर सारखा करायला गेला. मग तिच्या ध्यानात आलं...

घरात भाता असलेली पेटीच नाही.

ती उठली. दार लोटलं.

भुजंग भिंतीकडं तोंड करून झोपलेला. दोन्ही हात उशाखाली. कीबोर्ड खाली सतरंजीवर. वायर गुंडाळून बाजूला. सेल काढून खिडकीत ठेवलेले.

आणि पट्ट्या खाली जात होत्या.

टक्... टक्... टक्...

सूर नाही. नुसता प्लॅस्टिकचा आवाज. एक पट्टी दबायची, वर यायची. मग दुसरी.

मालन उंबऱ्यातच बसली. बघता बघता तिला ती चाल ओळखू आली. भुजंग लहान असताना आश्रुबा त्याला द्यायचा, तोच धडा. आधी काळी एकपासून. मग थांबायचं. मग तोच धडा काळी तीनपासून. चुकलं की पहिल्यापासून.

कोण चुकत होतं?

भुजंगची बोटं तर उशाखाली होती...

तिला भीती वाटायला हवी होती. तिला राग आला. दोन वर्षांचा शीण आला तो सगळा एकदम वर.

"आहो," ती म्हणाली, "चारचौघांत पोराचं हसं केलं तुमी. बटन आवडत न्हाई, कळलं मला. मग शिकवायचं तर नीट शिकवा. न्हाईतर सोडा त्याला. मी लय थकले आता."

भात्याचा आवाज थांबला.

पट्ट्या थांबल्या.

भुजंगनं झोपेत कूस बदलली.

सोमवारच्या लग्नाला मालन स्वतः गेली. मांडवात बायकांच्या मागं उभी राहिली. बन्सीधरनं गाणं उचललं. दुसऱ्या कडव्यात पेटी खाली घसरली...

आणि भुजंगची बोटं वर सरकली. न बघता, न अडखळता. काळी तीनवर जाऊन बसली.

कोणाला कळलंसुद्धा नाही.

घरी येताना रिक्षात मालननं विचारलं, "कवा शिकलास रे?"

"शिकलो कुठं? बोटं जायलेत आपोआप." तो जांभई देत म्हणाला. "लय झोप यायलीय आई."

चतुराबाईनं निरोप पाठवला, पोरगं बापावर गेलं. बन्सीधर पेढे घेऊन आला. मालननं ते घेतले, आणि जिंतूरच्या माणसाची खुशाली विचारायला विसरली नाही. तिन्ही मंडळ्या घरात राहिल्या. तिला हवं होतं ते मिळालं.

भुजंगची दुपारची झोप मात्र वाढत चालली. जेवण झालं की पडायचा. हलवलं तरी उठायचा नाही. उठला की बोटं चोळत बसायचा.

एका दुपारी मालन गच्चीवरून कुरडयांची परात घेऊन खाली उतरली.

मधल्या दाराआडून...

टक्... टक्... टक्...

ती दारातच थांबली. "झालं की शिकवून," ती हळू आवाजात म्हणाली. "तिन्ही आल्या त्याला. आता बास करा."

पट्ट्या थांबल्या नाहीत.

मग तिनं नीट बघितलं. धडा काळी एकवरून नव्हता. काळी तीनवरून नव्हता, काळी पाचवरूनही नव्हता. तो पार डावीकडं चालला होता. शेवटच्या टोकाच्या, अगदी खालच्या पट्ट्यांवर. भुजंग कधी तिथं बोट लावत नव्हता. इतक्या खालून कोणी गात नाही. तिथवर माणसाचा गळा पोचत नाही.

एक चूक झाली की पहिल्यापासून.

पुन्हा पहिल्यापासून.

भुजंग खाटेवर झोपलेला. घामानं भिजलेला.

चार वाजता तो उठला. मालननं त्याच्यापुढं चहा ठेवला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "भुजंगा, नवी मंडळी धरलीस का रे कोणती?"

तो बोटं चोळत होता.

"कार्यक्रम हाय म्हणायलेत," तो म्हणाला.

"कोण म्हणायलंय? कुठं हाय?"

त्यानं तिच्याकडं बघितलं. त्यालाच काही आठवत नसल्यासारखं.

"ते न्हाई सांगितलं अजून."

त्याला आता कितीतरी वर्षं झाली. भुजंग आहे. त्याचं लग्न झालं, वाजवतो, चांगलं वाजवतो. पण मालन त्या दिवसापासून दुपारची झोपली नाही. जेवण झालं की पोराच्या खाटेपाशी येऊन बसते, हातात काहीतरी निवडायला घेऊन. मी म्हणते, अगं, झालं गेलं, आता पड जरा.

ती म्हणते, "आक्का, धडा अजून चालू हाय. पुरा झाला की न्यायला येतील त्याला."

मी मोठी. धीर द्यायचं काम माझं. पण मीही दुसरं ताट ओढते आणि तिच्या शेजारी निवडत बसते.