आबांची नवी सुई

मी मिरजेत नर्स आहे. माणसं जाताना रोज बघते. त्यात आम्ही बौद्ध. भूतखेत आमच्या घरात कुणी मानत नाही. तरी हे खरं आहे. हसायचं तर हसा, पण आधी ऐकून घ्या.

१९९७ साल, फेब्रुवारीतला रविवार. सातारा, गोडोलीतलं आमचं दोन खोल्यांचं घर. रात्रबित्र काही नाही. सकाळचे अकरा.

आईला जाऊन दहा महिने झाले होते.

आबा पलटणीतून रिटायर झालेले. घरात टेप आला तसा त्यांनी रेकॉर्ड प्लेअर आणि आईच्या सगळ्या रेकॉर्डी भंगारात घातल्या. तिला न विचारता! आई त्यांच्याशी पुढं नीट बोललीच नाही. कामापुरतं 'हं' आणि 'न्हाई'.

ती गेली आणि आबांना ते डाचायला लागलं. भंगारातून एक मोडका प्लेअर आणला. सायकलच्या ट्यूबचा पट्टा कापून चालू केला. कॅसेटच्या जमान्यात रेकॉर्डी विचारतंय कोण? सांगलीच्या कृष्णात नावाच्या स्पीकरवाल्यानं धंदा बंद करताना पोतंभर तशाच देऊन टाकल्या.

त्या पोत्यात भीमगीतांची एक निघाली. लेबलवर निळ्या शाईत, वेड्यावाकड्या अक्षरात...

'अंजना'.

माझी आई. नवं नवं लिहायला शिकली तेव्हा दिसेल त्यावर नाव टाकायची.

त्या रेकॉर्डवर एक ओरखडा होता. लहानपणी मीच पाडलेला. सुई तिथं अडकायची, तीच ओळ परत परत. मग आई भाकरी थापायची थांबायची, बाहेर यायची आणि पिठाच्या बोटानं सुई हळूच पुढं ढकलायची.

त्या रविवारी मी गेले तर आबा खुर्चीत डोळे मिटून बसलेले. रेकॉर्ड लागलेली.

ती अडकली...

मी उठले. आबांनी माझा हात धरला.

"बस गं, दीपे. ती येतीया."

"कोण?"

त्यांनी हनुवटीनं आतलं दार दाखवलं.

आत स्वयंपाकघरात... थप... थप... थप...

मी आत्ताच आतून पाणी पिऊन आले होते. आत कुणी नव्हतं.

आवाज थांबला.

आणि सुई पुढं सरकली.

मी जवळ जाऊन बघितलं. सुईच्या दांडीवर ज्वारीचं पीठ होतं. आबांना खानावळीचा डबा यायचा. घरात पीठ नव्हतंच.

"अडकली की येतीया," आबा म्हणाले. "अजून बोलत न्हाई. पर राग निवलाय गं. काल जाताना जरा थांबली. आता बोलंल चार दिसांत."

मी घाबरले. हो, घाबरले! स्वतःच्या आईला.

पुढच्या रविवारी मिरजेहून नवी सुई घेऊन गेले. आबा दाढीला गेले होते तेवढ्यात बसवली. जुनी गटारात टाकली.

आबा आले. अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून बसले. रेकॉर्ड लावली.

ओरखडा आला... आणि गेला. नव्या सुईला तो कळलासुद्धा नाही.

गाणं संपलं. आत अजून चालूच होतं... थप... थप...

आबा उठून आत गेले. बऱ्याच वेळानं परत आले.

"आज अडकली कशी न्हाई?"

मी सांगितलं. वाटलं, चिडतील. शिव्या घालतील. घालायला हव्या होत्या.

"आज बोलली असती गं ती," एवढंच म्हणाले. आणि लहान पोरासारखे रडले.

गेल्या वर्षी आबाही गेले. तोवर रोज लावायचे. ती एकदाही अडकली नाही.

आता प्लेअर मिरजेत माझ्याकडं आहे. मी खिळ्यानं तो ओरखडा खोल केलाय. सुई अडकते. मी हात लावत नाही. मीही बसते, आबा बसायचे तशी.

आत थप... थप... ऐकू येतं. अगदी स्पष्ट.

तो आवाज थांबला की ती बाहेर येईल, मला माहीत आहे. मला तिला सांगायचंय की सुई मी बदलली, चूक माझी होती, आबांची नव्हती.

काल पाऊण तास सुई अडकलेली होती.

आवाज थांबला नाही.