चौथ्या तारेची कुरकुर

"थांबा, थांबा… इथं कुठंतरी चिमणी आहे."

भुईगावच्या चर्चच्या हॉलमध्ये नाताळगीतांचं रेकॉर्डिंग चाललं होतं. कानांवर हेडफोन चढवलेल्या त्या किडकिडीत तरुणानं पुन्हा एकदा हात वर केला आणि गाणं अर्ध्यावर तुटलं. गायनमंडळातले सगळे माना वर करून पत्र्याखाली, पंख्यावर, तसबिरीमागे बघू लागले. मंडळाचे प्रमुख इग्नेशियस सर छत्रीच्या टोकानं खिडकीचा पडदा हलवून आले. चिमणी काही दिसेना.

"पुन्हा म्हणा बघू," तरुण म्हणाला.

या वेळी तो यंत्रापाशी थांबला नाही. माइक हातात घेऊन, मागं वायर ओढत, आधी तबल्यासमोर गेला, मग पेटीसमोर, मग मुलींच्या रांगेसमोर. मुली गाता गाता हसायला लागल्या. शेवटी तो डेल्फिन तुस्कानोसमोर येऊन उभा राहिला आणि तिच्या बोटांकडे एकटक बघत म्हणाला, "सापडली."

"काय सापडली?"

"चिमणी. तुमच्या गिटारमध्ये आहे."

हॉलभर हशा पिकला. डेल्फिन गावच्या शाळेत मास्तरीण होती. वर्ग गप्प करायचा कसा, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. पण स्वतःवर हसणाऱ्या माणसांना गप्प कसं करायचं, हे तिला त्या क्षणी सुचेना. ती लाल झाली आणि गिटार मांडीवर आडवी ठेवून बसून राहिली.

चिमणी खोटी नव्हती. गिटारच्या जाड तारांवर बारीक तार गुंडाळलेली असते. बोट एका जागेवरून दुसऱ्या जागी घसरत गेलं की ती 'चुंई' करते. रविवारच्या मिस्साला भरल्या चर्चमध्ये ते कुणाला ऐकू जात नाही. माइकला जातं.

तेवढ्यात भादव्यातली एक मोठी सर आली. पत्रे असे वाजू लागले की रेकॉर्डिंग थांबवावंच लागलं. बाकीचे चहाला पडवीत गेले. डेल्फिन रागानं गेली नाही आणि तो यंत्र सोडून जाऊ शकत नव्हता.

"इतकी वर्षं वाजवतेय मी," ती म्हणाली. "कुणी काही बोललं नाही."

"कुणी इतक्या जवळून ऐकलं नसेल."

त्यानं हे अगदी कोरडेपणानं, कामाचं बोलावं तसं सांगितलं. तरी डेल्फिनच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या, आणि त्याचाही तिला राग आला.

"तुम्ही वाजवता?"

"नाही. मला शिट्टीसुद्धा धड येत नाही."

"मग हा आवाज घालवायचा कसा?"

"ते ठाऊक नाही. कुठून येतो, तेवढं कळतं."

"मोठेच उपयोगाचे आहात!"

"घरी आईही हेच म्हणते," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच किंचित हसला.

त्याचं नाव हिलरी डाबरे. राहणारा अर्नाळ्याचा, मुंबईत एका स्टुडिओत रेकॉर्डिंगचं काम करायचा. खरं तर त्या दिवशी दुसराच कुणी यायचा होता. त्याला ताप आला म्हणून हिलरीला धाडलं होतं.

पाऊस थांबल्यावर इग्नेशियस सरांनी निकाल दिला, "गिटार काढूनच टाकू. पेटी पुरे आहे."

डेल्फिननं गिटार पिशवीत घालायला घेतली. आणि हिलरी म्हणाला, "राहू द्या, सर. गिटारची गाणी शेवटी करू. तोवर मी रविवारी येऊन ऐकत जाईन."

रविवारी मिस्सा सुटल्यावर तो खरंच आला. सायकलच्या कॅरिअरला छोटा टेपरेकॉर्डर बांधलेला. तुस्कानोंच्या ओटीवर त्यानं माइक मांडला, डेल्फिननं वाजवलं, आणि मग दोघांनी ते परत ऐकलं. स्वतःचं वाजवणं असं बाहेरून ऐकणं म्हणजे पाठमोरा फोटो बघण्यासारखंच. डेल्फिननं तोंड वाकडं केलं.

"चिमण्यांचा थवाच आहे की हो!"

"मी एकच म्हटली होती. माझी चूक झाली."

तिनं उपाय करून पाहिले. बोटांना पावडर लावली, तर तारा पांढऱ्या झाल्या. खोबरेल लावलं, तर तारा मेल्यासारख्या वाजू लागल्या आणि आई, मटिल्डाबाई, तेलाच्या बाटलीवरून बोलली ती वेगळी. शेवटी तिनं गाणं बाजूला ठेवलं आणि नुसत्या बोटांकडे बघत, अगदी सावकाश एका सुरावरून दुसऱ्यावर जाऊ लागली. तेव्हा ध्यानात आलं की आपलं बोट तार सोडतच नाही. निघताना तिच्यावरूनच फरफटत जातं. आधी बोट सरळ वर उचलायचं, मग हलवायचं, मग ठेवायचं. एवढंच होतं. पण हाताची जुनी सवय मोडायला बराच वेळ गेला.

मग दुसरं दुखणं. जी तार वाजवायची नाही, तीही शेजारणीच्या आवाजानं घुमत राहायची. त्यावर तिनं बोटाचं टोक जरासं कलतं ठेवायला सुरुवात केली, म्हणजे दाबलेल्या तारेबरोबर बाजूचीला नुसता स्पर्श होई आणि ती गप्प बसे.

हे सगळं ती हिलरीला दाखवायची. तो मान कलती करून, डोळे मिटून ऐकायचा. त्या वेळात डेल्फिनला त्याच्याकडे हवं तितकं बघता यायचं, आणि ती बघायची. त्याच्या डाव्या भुवईत एक बारीक व्रण होता. शर्टाचं वरचं बटण दर वेळी वेगळ्याच रंगाच्या दोऱ्यानं शिवलेलं असे.

"आज किती चिमण्या?"

"एक. तीही लांबून गेली."

"तुम्हाला माणसांचं बोलणंही असंच ऐकू येतं का? चुकांसकट?"

"तुम्ही 'ह' म्हणताना थोडा जास्त श्वास सोडता."

"कुठं?"

"हिलरी म्हणताना."

डेल्फिननं यावर गिटारचे कान पिळायला घेतले. तारा आधीच जुळलेल्या होत्या.

असं करत एका रविवारी तिनं संपूर्ण गाणं वाजवलं आणि ते स्वच्छ होतं. तिला स्वतःलाच कळलं. ती त्याच्याकडे बघत राहिली. हिलरीनं डोळे उघडले, पुन्हा मिटले… आणि म्हणाला, "चौथ्या तारेत अजून थोडी कुरकुर आहे."

"मला नाही ऐकू आली."

"बारीक आहे. पुढच्या रविवारी बघू."

आठवडाभर डेल्फिन त्या कुरकुरीच्या मागं लागली. शाळेतून आली की ओटीवर बसायची. चौथी तार बोटानं झाकली, तळहात टेकवला, शेजारच्या तारा दाबून धरल्या. कुरकुर तिला अजूनही ऐकू येत नव्हती. पण हिलरी म्हणाला म्हणजे असणारच, त्याचा कान कधी चुकला नव्हता. रविवारी तिनं वाजवलं तेव्हा एकही फालतू आवाज आला नाही.

हिलरीनं डोळे उघडले आणि तिच्या बोटांकडे बघितलं.

"ऐकू आली कुरकुर?"

"नाही."

"मग?"

"काहीच ऐकू आलं नाही. गाणंसुद्धा." त्यानं खाली बघितलं. "लाकूड ठोकल्यासारखं वाजतंय."

डेल्फिन उठून उभी राहिली. "तुम्ही सांगाल ते केलं. चिमणी घालवली, घुमणं घालवलं, ती तुमची चौथी तार मारली! तुम्हाला या जगात चुका सोडून दुसरं काही ऐकू येतं का हो?"

त्याला बोलायचं होतं, असं दिसलं. ओठ हलले. पण त्यानं नुसती वायर गुंडाळली, टेप सायकलला बांधला आणि निघून गेला. मटिल्डाबाईंनी आणलेला चहा तसाच राहिला.

त्याच आठवड्यात फ्रेडरिक तिला बघायला आला. कुवेतला नोकरी, सुट्टीवर आलेला, नंदाखाल गावच्या चांगल्या घरातला. माणूस मोकळा होता, हसरा होता. नाव ठेवायला जागा नव्हती. आईनं गिटारचा विषय काढला. डेल्फिननं दोन ओळी वाजवल्या, मुद्दाम जुन्या पद्धतीनं, बोटं फरफटत.

"वा, फारच सुंदर!" शेवटचा सूर विरायच्या आधीच फ्रेडरिक म्हणाला आणि कुवेतहून आणलेल्या स्टिरिओबद्दल सांगू लागला. स्टिरिओ खरंच चांगला असावा.

रात्रीचं जेवण झाल्यावर वडिलांनी विचारलं, "काय कळवू त्यांना?"

"रेकॉर्डिंग होऊ दे, मग सांगते."

"त्याचा आणि याचा काय संबंध?"

डेल्फिनलाही तो नीट सांगता आला नसता. तिला एवढंच जाणवत होतं, की एका माणसानं तिचं काहीच न ऐकता सगळं चांगलं म्हटलं होतं आणि दुसऱ्यानं सगळं ऐकून एकदाही चांगलं म्हटलं नव्हतं. पहिला बरा, असं कुणीही शहाणं माणूस म्हणालं असतं.

राहिलेल्या गाण्यांचं रेकॉर्डिंग नोव्हेंबरात झालं. हिलरी आला, सगळ्यांना नमस्कार केला, यंत्र लावलं. डेल्फिनकडे त्यानं फक्त माइक सरकवला. तिनं ठरवलं होतं की आज कुणाचंच ऐकायचं नाही. बोटं उचलायची तिथं उचलली, झाकायचं तेवढंच झाकलं, आणि चौथ्या तारेला मोकळं सोडलं. कुरकुरते तर कुरकुरू दे.

गाणं पहिल्याच फेरीत मान्य झालं. इग्नेशियस सरांनी चक्क टाळी वाजवली. माणसं पांगली. हिलरी वायरी गुंडाळत होता. डेल्फिन पिशवीची गाठ मारत होती, आणि ती काही केल्या बसत नव्हती.

"चौथी तार कशी होती?" तिनं विचारलं.

"चांगली होती."

"कुरकुर?"

"नव्हती." तो थांबला. "त्या दिवशीही नव्हती."

"कुठल्या दिवशी?"

"मी आहे म्हणालो त्या दिवशी. सगळं स्वच्छ होतं. म्हणजे काम संपलं होतं… मग पुढच्या रविवारी काय सांगून आलो असतो?"

डेल्फिननं पिशवी खाली ठेवली. "म्हणजे मी आठवडाभर नसलेला आवाज मारत होते?"

"हो."

"बोटं सुजली होती माझी!"

"ठाऊक आहे. बघितली होती मी. म्हणूनच काही बोलता आलं नाही." त्यानं गुंडाळलेली वायर पुन्हा सोडली आणि पुन्हा गुंडाळायला घेतली. "आवाजाबाबत मी कधी खोटं बोललो नव्हतो. एकदाच बोललो, त्यात तुमचं गाणं बिघडवलं."

"आणि लाकूड ठोकल्यासारखं म्हणालात, ते?"

"ते खरं होतं."

आता मात्र डेल्फिनला हसू आवरेना. प्रेमाची कबुली देतानाही हा माणूस ते वाक्य मागं घेत नव्हता! ती हसून घेईपर्यंत तो तसाच उभा राहिला, वायर हातात घेऊन.

"माझं वाजवणं तुम्हाला आवडतं?" तिनं विचारलं. "एकदा सरळ सांगा."

"तुम्ही आवडता," हिलरी म्हणाला. "वाजवणंही."

"मग रविवारी या. टेप आणू नका. बाबांशी बोला."

तो रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून, रिकाम्या हातांनी आला. शेजारच्या वाडीत नर्मदाकाकीनं केळींना पाणी सोडलं होतं आणि विहिरीवरचं इंजिन धडधडत होतं. वडील ओटीवर बसले होते.

"काय रे, मशीन कुठाय?"

हिलरी काहीतरी म्हणाला.

"काय? मोठ्यानं बोल!"

तो पुन्हा काहीतरी म्हणाला. इंजिनापुढं तेही गेलं. आत डेल्फिन चुलीवरच्या चहाकडे बघत उभी होती. हाक मारून त्याची सुटका करावी, असं आईनं खुणेनं सुचवलं. डेल्फिननं मान हलवली.

मग हिलरीनं श्वास घेतला आणि दोन वाड्या ओलांडून जाईल अशा आवाजात ओरडला, "डेल्फिनला मागणी घालायला आलोय!"

केळीच्या पानांआडून नर्मदाकाकीनं मान बाहेर काढली. वडिलांनी आधी तिच्याकडे, मग हिलरीकडे, मग दाराकडे बघितलं.

"अगं," त्यांनी आत हाक दिली, "तुला ऐकू आलं का काही?"

"सगळं आलं," डेल्फिन म्हणाली आणि चहात आणखी एक कप दूध ओतलं.